लाइट न जाणाऱ्या गावाला: मांडवगण फराटा ते कुरकुंभ

मे महिन्यात कुरकुंभला फिरायला कुणी जात नाही. मी गेले ती सुमनताईची गिरणी बघायला. खरं सांगायचं तर तिच्यात काही खोट सापडते का ते बघायला.

मांडवगण फराट्यात आमची मिरची कांडपाची गिरणी आहे. या धंद्याची अडचण अशी, की मिरची उन्हाळ्यात वाळते आणि लोडशेडिंगही उन्हाळ्यातच वाढतं. पावसाळ्यात शेतातल्या मोटारी थांबतात, लाइट टिकते, पण तेव्हा मिरची घेऊन कुणी येत नाही. डिझेलवर जनरेटर चालवावा तर कांडपाचा दर गिऱ्हाइकाला सांगायची लाज वाटेल. सुमनताई ही माझी मामेबहीण. तिची शेड कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. तिच्या लाइनवर औषधांच्या कंपन्या आहेत, म्हणून ती लाइन बंद करत नाहीत. गेल्या वर्षापासून आमच्या गावातली गिऱ्हाइकंही तिच्याकडे जायला लागली होती.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली एसटी धरा. भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो, मग नुसता ऊस. चौफुल्याला उतरून सोलापूरकडची गाडी घ्यायची. भजी तिथेच खा, पुढे कंपन्यांच्या वासानं खावंसं वाटत नाही.

चौफुल्याला माझ्या मागोमाग आमच्या आळीतल्या हौसाकाकू उतरल्या. काखेत पोतं. ते कुठं निघालंय ते मला बघताक्षणी कळलं. काकू आमच्या गिरणीत दोन दिवस बसून गेल्या होत्या आणि दोन्ही दिवस नेमका त्यांचा नंबर आला तेव्हा लाइट गेली. रविवारी नातीचा साखरपुडा. मिरची आणि मसाला भाजून झालेला, आभाळात वळवाचे ढग. सादळला तर सगळं वाया. काकूंनी माझी नजर जरा चुकवली, मग विचारलंच.

"आज बेस्तरवार. सुमनची गिरणी चालू आसंल का गं?"

पुण्याकडच्या बऱ्याच कंपन्या वीज वाचवायला गुरुवारी सुट्टी घेतात. सुमनताई घेत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"गुरुवारी कंपन्या बंद असतात, काकू," मी म्हणाले.

वाक्य खोटं नव्हतं. मी ते मनात दोनदा तपासूनही घेतलं. परतीच्या गाडीत त्यांचं पोतं मीच चढवलं. बरं झालं बाई भेटलीस, असं काकू खिडकीतून म्हणाल्या.

कुरकुंभला हायवेवर उतरून दहा मिनिटं चालावं लागतं. गुरुवारच्या सुट्टीमुळे रस्ता मोकळा. ताईची गिरणी लांबूनच ऐकू आली. तो आवाज मध्येच तुटत नाही, हेच मला जास्त लागलं. आत वर पंखा, भिंती स्वच्छ, बायका निवांत. आमच्याकडे बायका अर्धा वेळ बंद बल्बकडे बघत बसतात. मी चिमूटभर मसाला हातावर घेतला, चोळला, हुंगला. खोट सापडली नाही.

जेवताना ताईनं स्वतःहूनच सांगितलं की तिचा दर आमच्यापेक्षा चढा आहे, आणि पावसाळ्यात मशीन झाकून ठेवलं तरी बिलातला ठरावीक आकार भरावाच लागतो. ऐकून मला बरं वाटलं. बरं वाटलं, याचीच लाज वाटली.

"एका गिऱ्हाइकाच्या हाती हौसाकाकूंचा निरोप आला होता, आज येते म्हणून," ताई म्हणाली. "सकाळपासून एक मशीन पुसून ठेवलंय. का आल्या नसतील गं?"

मग मी सांगितलं.

ताईनं ताटातला कांदा संपवला. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या अण्णामामांनी, आम्हा दोघींना चौथीपर्यंत घरीच शिकवलं होतं. "अण्णांच्या पुढ्यात माझं गणित बघून लिहिलंस, तेव्हा दोन मिनिटांत रडत कबूल केलंस," ती म्हणाली. "आज तीन तास लागले. मोठी झालीस."

परतीला चौफुल्यावर गाडीची फार वाट बघावी लागली. ढग दाटत होते आणि मी त्या पोत्याचाच विचार करत होते. गावात उतरल्यावर घरी न जाता काकूंकडे गेले, दारातच उभं राहून सांगितलं. त्यांनी पोतं गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलं होतं.

"आन् म्या तुलाच पोतं चढवाया लावलं," काकू म्हणाल्या. पोत्यावरची गोधडी नीट केली. मग म्हणाल्या, "उद्या तूच घिऊन जा. मी न्हाई येत तुझ्यासंगं."

शुक्रवारी मी तोच रस्ता पुन्हा केला. पोतं मांडीवर घेतलं तर चौफुल्यापर्यंत पाय बधिर होतात, हेही जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. दुपारी मसाला काकूंच्या हातात दिला. त्यांनी बोटांत चोळून बघितला.

"तुमच्यापरीस बारीक हाय," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मला अजून रोज आठवतं. ताईच्या पंख्याचा, त्या न तुटणाऱ्या आवाजाचा हेवा अजूनही वाटतो. प्रवासानं तो गेला, असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल.

शनिवारी गिरणीच्या दारावर फळा लावला. त्यावर आठवड्याच्या लाइटच्या वेळा लिहिल्या. खाली जागा उरली होती. खडू हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले आणि मग मोठ्या अक्षरांत लिहिलं: घाई असेल तर कुरकुंभला सुमनताईंकडे जावे. गुरुवारीही चालू.