तिसरं बारसं

नाव ही माणसाची शेवटची मालमत्ता असते. ती कुणीही हिरावून घेऊ शकत नाही. हे वाक्य मी कुठंतरी वाचलं होतं आणि वहीत उतरवूनही ठेवलं होतं. आखाती देशातल्या त्या घरात माझं नाव पहिल्या दहा मिनिटांत गेलं.

मी दारातच उभी होते. मॅडमनी माझी पिशवी फरशीवर उलटी केली. कुंकवाची डबी दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकली. "जादू," त्या म्हणाल्या. मग सिनेमांतून शिकलेल्या मोडक्या हिंदीत, "यहाँ तुम फातिमा."

माझ्या खोलीत चपलांचा एक जोड पडला होता. टाचा झिजलेल्या. आधीच्या फातिमाचा. ती श्रीलंकेची, ख्रिस्ती. तिच्या आधीची फातिमा नेपाळची. त्या घरात फातिमा हे नाव नव्हतं, पद होतं. आधीची फातिमा कुठं गेली, असं मी मुलांना विचारलं की मुलं माझ्याकडे बोट दाखवायची.

मला तिथं कापसानं धाडलं. माझं सासर राळेगावकडचं, बारा एकरांचं. ओळीनं तीन वर्षं पऱ्हाटी हातची गेली. मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते म्हटलं, तर घराण्याची अब्रू आडवी आली. समुद्रापलीकडची भांडी अब्रूला दिसत नव्हती.

त्या घरचे ड्रायव्हर रफिकभाई माझ्या माहेरच्या आर्णीचे निघाले. पाच वेळचे नमाजी. त्यांना नावाचं सांगितलं तर म्हणाले, "ताई, तुमाले नाव तरी भेटलं. मले सारे 'हिंदी' म्हन्तेत. हिंदी, गाडी काढ. हिंदी, भायेर बस. सतरा वर्सं झाली, रफिक कोनी म्हनूनच नाही राह्यलं."

हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा. त्यांच्याच धर्माच्या देशात ते हिंदी, आणि मी फातिमा. आम्ही दोघं पोटभर हसलो. मॅडम आल्या तसे थांबलो.

एका दुपारी पाहुण्या बायका बसल्या होत्या. मॅडमनी हाक मारली, "फातिमा!" मी कॉफीचा ट्रे धरून दाराशी उभी. हलले नाही. दुसरी हाक. तिसरी.

"मेरा नाम गिरजा है," मी म्हटलं.

मॅडमनी आतून माझा पासपोर्ट आणला. त्यावर सुहासिनी होतं. "झूठी!" त्यांनी तो सगळ्यांना उघडून दाखवला. बायका हसल्या.

मॅडमचं खरं होतं. गिरजा हे नाव आईनं ठेवलेलं. सुहासिनी हे सासूबाईंनी निवडलेलं. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं होतं. तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं. फक्त पिशवी उलटी केली नव्हती, पेढे वाटले होते. मीही एक खाल्ला होता.

आठवड्याभरात मला परत पाठवलं. नवरा म्हणाला, "एका नावापायी नोकरी घालवून आली? सुहासिनी, डोकं ठिकान्यावर हाये का तुहं?"

"सुहासिनी कोन?" मी विचारलं.

तेव्हापासून तो मला "अवं" म्हणतो.

आजही माहेरी गेले की आर्णीच्या बाजारात कुणी लेकीला "फातिमा" म्हणून हाक मारली की माझी मान वळते. वळून पाहते तो ती पोर आपल्या आईकडे धावत असते. तिचं नाव तिचंच असतं. आधीच्या त्या दोघींच्याही माना त्यांच्या त्यांच्या गावांत अशाच वळत असतील. त्यांची खरी नावं रफिकभाईंनाही ठाऊक नव्हती.

मी कागदोपत्री गिरजा होणार. त्यासाठी अर्ज केला. नाव बदलण्याचं कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, 'ते माझं आहे.'

कारकुनानं चष्मा वर केला. "हे कारन यादीत बसत नाही, बाई. लगन, घटस्फोट, नाहीतर धर्मांतर. यातलं काय झालं तुमचं?"

मी कारण खोडलं नाही. खोडणार नाही.

अर्ज प्रलंबित आहे.