गल्लीतला आडवा पाईप

उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी संपवून बसमध्ये पाय ठेवतोय, तोच बायकोचा फोन आला. "आक्का गेली..." एवढंच म्हणाली. आक्का म्हणजे वडगावातली आमची समोरची शेजारीण. यंत्रमागावर साड्या विणण्यात तिची हयात गेली. आता महिना होत आला, आणि भेटेल तो सांगतो, बाई मोठी शांत होती हो. गेलेल्या माणसाला असं गोड करून टाकायची आपल्याला खोडच आहे. आक्का भांडकुदळ होती, आणि ती तशी होती म्हणूनच आमची गल्ली अजून गल्ली आहे.

प्रभागांची पुनर्रचना झाली तेव्हा नकाशावरची रेघ नेमकी आमच्या गल्लीच्या मधून गेली. आक्काची बाजू एका प्रभागात, माझी दुसऱ्या. मतं एकगठ्ठा होती तोवर गटार तुंबलं तरी नगरसेवक धावत यायचा. आता आम्ही दोन्हीकडचं शेपूट झालो. लोक चरफडले आणि पुन्हा मागावर बसले. आक्काने मात्र हरकत घेतली आणि सुनावणीला मला ओढत नेलं.

"रेघ कुठून तरी जाणारच ना, आजी," सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कन्नडमध्ये समजूत घातली. कन्नड तिला माझ्यापेक्षा चांगलं यायचं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग मराठीत म्हणाली, "दोन राज्यांमदली पैली रेघ मारली तवा मी पाळण्यात हुते, साहेब. आता हितं उभी हाय. मला इचारून मारा."

साहेब हसले. "अख्ख्या गल्लीतून दोघंच आलाय," म्हणाले, आणि पुढच्याला आत बोलावलं. रेघ तशीच राहिली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "जाऊ दे आक्का, हरलो आपण."

"हरलो कुटं रं? त्येंनी कागदावर मारलीया. गल्लीत मारून दाव म्हणावं!"

पुढे दोन्ही बाजूंना नळाचं पाणी वेगवेगळ्या दिवशी यायला लागलं. आक्काने हिरवा पाईप आणला. आमच्याकडे पाणी आलं की पाईप आमच्या नळाला आणि त्याचं टोक तिच्या पिंपात, मग तिच्या शेजारच्या... तिच्याकडे आलं की उलट. मोटारसायकलवाले कावायचे. ती दारातूनच ओरडायची, "पाईपवरनं न्हेऊ नगंस रं, उचलून घे गाडी!" निवडणुकीत तर तिने दोन्ही प्रभागांचे उमेदवार त्याच पाईपाशेजारी खुर्च्या टाकून बसवले आणि गल्लीसमोर बोलायला लावले. घाम फुटला होता दोघांना! तिच्या आठवणीने मला रडू येत नाही, राग येतो. तो तिनेच शिकवलेला आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या बाजूला पाणी आलं. आक्काच्या सुनेने नेहमीसारखा पाईप आणून माझ्या नळाला लावला. पाणीखात्याचा माणूस थांबला. "या वॉर्डाचं पाणी त्या वॉर्डात? काढा आधी तो पाईप."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातला माग बंद पडला. त्या घरातले आप्पा बाहेर आले. सुनावणीच्या दिवशी माग सोडून येता येत नाही म्हणून घरीच राहिलेले, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारे आप्पा. मग शेजारचा माग थांबला, मग समोरचा... दिवसाउजेडी आमची गल्ली इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. दोन्ही बाजूंची माणसं पायऱ्या उतरून पाईपाशी आली.

"हरकत घ्या की, साहेब," आप्पा म्हणाले. "सुनावणी ठेवा. ह्या टायमाला आमी समदी येतो."

आक्काचं पिंप भरेपर्यंत कुणी हललं नाही.