नव्वद टक्के

“चार्ज किती दाखवतंय?” मी फोनवर विचारलं.

“नव्वद,” चिमाबाई म्हणाली. तिच्या वाडीत रेंज नाही. भर पावसात टेकडीवर चढून ती बोलत होती. “चार्जिंगला पाठवू का? तीन दिस झालं लाइट जाऊन. आन् गादी बसतीया शेठ. बटन दाबलं की फुगती, शेतावरून येऊन बघावं तर पुन्हा बसल्याली.”

“नळी सैल असेल, नीट दाबून बसवा. नव्वद आहे तर पाठवता कशाला? बॅटरी फर्स्टक्लास आहे. काळजी करू नका.”

फोन ठेवला आणि मी खूश झालो. तीन दिवस लाइट नाही आणि मी दिलेलं मशीन अजून जवळजवळ भरलेलं. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्यालाही ऐकवलं. माल असावा तर असा. तो आनंद आठवला की आजही मला स्वतःची लाज वाटते.

घोडेगावात माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. आजोबा मारवाडातून आले, त्यांनी कापड विकलं. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि बॅटऱ्या विकायला लागलो. बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणूस हुशार होतो असं म्हणतात. मी फक्त बिनधास्त झालो होतो.

चिमाबाई तळेघरच्या पलीकडच्या वाडीतली. तिचा मुलगा किसन हिरड्याच्या झाडावरून पडला. हिरडा हे औषधी फळ, आमच्या डोंगरातले लोक ते काढून विकतात. किसनचा मणका मोडला आणि कमरेखालचं अंग गेलं. हात चालत होते आणि तोंड तर फारच चालत होतं. गादी बघायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तो म्हणाला, “या शेठ! आता मी सायब झालोय. समदी कामं पडूनच बघतो.” मी हसलो. चिमाबाई हसली नाही. तिने चहा ठेवला.

अशा माणसाला एका जागी पडून जखमा होतात. दुखतच नाही, त्यामुळे त्याला कळतही नाही. म्हणून मंचरच्या डॉक्टरांनी हवेची गादी घ्यायला लावली होती. या गादीत हवेचे कप्पे असतात. एक छोटा पंप ते आळीपाळीने भरतो आणि सोडतो, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. गादी असली तरी कूस बदलत राहा, असंही डॉक्टर म्हणाले होते. चिमाबाई दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. वर्षभर तिने हेच केलं.

पण पावसाळ्यात खांब पडतो आणि वाडीची लाइट आठ आठ दिवस जाते. त्याच वेळी आवणी असते, म्हणजे भाताची लावणी. त्या भागात पडकई चालते. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुमच्या. जो दुसऱ्याकडे जात नाही, त्याच्याकडे कोणी येत नाही. आदल्या वर्षी चिमाबाई कुणाकडेच जाऊ शकली नाही आणि तिची खाचरं तशीच पडून राहिली. खायचा तांदूळ विकत आणावा लागला. ती बाई एवढी एकच गोष्ट मला पुन्हापुन्हा सांगत होती.

“शेठ, मला फकस्त आवणीपुरतं जाता यावं. बाकी काय न्हाई.”

मी पंप मीटरला लावला. आठ वॅट. माझ्या दुकानात तेव्हा दोन पॉवर स्टेशन होती. पॉवर स्टेशन म्हणजे हातात उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, तिला घरातल्यासारखा प्लग असतो. घेताना दोन आकडे बघायचे. टाकीत पाणी किती आणि नळ केवढा. वॅट-अवर म्हणजे टाकी, वॅट म्हणजे नळ. लहान मशीन रात्रभर पुरलं असतं. मोठं दोन दिवस. खोक्याच्या मागे मी हिशोब लिहून दाखवला: पंपाचे आठ, मशीन स्वतः खातं ते थोडं, म्हणजे साधारण दोन दिवस. मग जीपवाल्याबरोबर तळेघरला पाठवून चार्ज करून आणायचं.

चिमाबाईचा हात लहान मशीनवर होता. उचलायला सोपं, म्हणत होती. मी म्हणालो, “मोठंच न्या. हे बघा, याच्यावर मिक्सर चालेल, फ्रिज चालेल. तुमचा पंप म्हणजे हत्तीच्या पाठीवर चिमणी.” खरेदीच्या भावात दिलं. पुण्य केल्यासारखं वाटलं.

घरी जोडून देताना किसनला सांगितलं, “थोड्या वेळाने स्क्रीन काळी होते. घाबरू नकोस, आतून चालू असतं.”

चिमाबाईने विचारलं, “मंग दुपारी एकदाच भाकरीला आले, तवा कूस बदलली, तर चालंल का?”

मी डॉक्टर नाही. तरी म्हणालो, “खुशाल चालेल. निवांत आवणीला जा.”

ती गेली. लाइटही गेली. रात्री ती सवयीने उठून कूस बदलायची, पण दिवसा तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

फोननंतर आठवड्याने किसनला ताप भरला. माकडहाडाशी जखम झाली होती, वरून लहान आणि आत खोल. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. जंतू रक्तात गेले होते. तीन आठवड्यांत तो गेला. एकतीस वर्षांचा होता.

दहाव्यानंतर जीपवाला मशीन आणि पंप घेऊन दुकानात आला. “चिमाबाईनं पाठवलंय. आता कुनाला लागंल त्याला द्या म्हनली.”

दुपारची वेळ होती. मी पंप मशीनला जोडला आणि समोर बसून राहिलो. स्क्रीन काळी झाली, पंप चालू होता. तासाभराने आतून टक् आवाज झाला आणि पंप थांबला. स्क्रीन काळी होती तशीच काळी.

मग मी मॅन्युअल उघडलं. बावीस वर्षं बॅटऱ्या विकणारा माणूस कशाला मॅन्युअल वाचेल? बारीक अक्षरात लिहिलं होतं: पंधरा वॅटपेक्षा कमी लोड असेल, तर काहीच जोडलेलं नाही असं समजून मशीन बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःला बंद करतं. नको असेल तर बटण पाच सेकंद दाबून धरायचं. पाच सेकंद! लहान मशीनमध्ये ही भानगडच नव्हती.

आठ वॅट त्या मशीनच्या खिजगणतीत नव्हते. गादी बसत होती आणि किसनला कमरेखालचं कळत नव्हतं. पत्र्यावर पाऊस वाजत असताना पंपाचा आवाजही ऐकू येत नसणार. त्याला काळी स्क्रीन दिसत होती, आणि आतून चालू असतं हे मीच सांगितलं होतं.

पण हे सगळं मला माफ होईल. फोनवरचे ते नव्वद टक्के माफ होणार नाहीत. दोन दिवसांत संपेल असा हिशोब मी माझ्या हाताने लिहिला होता. तिसऱ्या दिवशी नव्वद उरले याचा अर्थ पाचवी पास पोराने सांगितला असता. मशीन बहुतेक वेळ बंदच होतं. बाई पावसात टेकडीवर चढून मला तेच सांगत होती आणि मी बॅटरीचं कौतुक करत होतो.

पुढच्याच महिन्यात संवत्सरी आली. त्या दिवशी आम्ही जैन लोक वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागतो. हल्ली मोबाइलवर एकच मेसेज शंभर जणांना जातो. मीही दरवर्षी पाठवतो. त्या वर्षी पाठवला नाही. उपास होता, तसाच गाडी काढून वाडीवर गेलो.

चिमाबाई ओट्यावर बसली होती. समोर खाचरांत भात चांगलं वाढलं होतं. मी सगळं सांगितलं. पंधरा वॅट, पाच सेकंद, नव्वद टक्के, काहीही न झाकता. हात जोडले.

तिने भाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “म्हंजी मी आवणीला गेले म्हनून न्हाई गेला त्यो?”

मला तिच्याकडे बघवेना. “नाही बाई. मी जा म्हणालो म्हणून तुम्ही गेलात. चूक माझी.”

“समदी म्हनत्यात, पोराला टाकून भात लावाया गेली. मलाबी तसंच वाटायचं.” तिने पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने रडायला लागली. आतून शेजारीण धावत आली. म्हणाली, “रडू द्या शेठ. पोरगं गेल्यापून आज पयल्यांदा रडतीया.”

क्षमा केली की नाही, ते ती बोलली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

दुकानात आजही लोक येतात आणि विचारतात, यावर काय काय चालेल, मोठ्यात मोठं? मी त्यांना आधी उलटं विचारतो, तुमचं लहानात लहान काय चालवायचं आहे? ते जोडून मी तीन तास समोर बसतो, मग मशीन देतो. आणि कुणी फोनवर सांगितलं, शेठ, चार्ज उतरतच नाही, तर शटर ओढतो आणि गाडी काढतो.