दांडगा गडी लांब
मोटारीच्या ग्रीसचा वास आला की २०१९ साल आठवतं. मला सत्तरावं लागलं होतं. म्या खांदलेल्या विहिरीतली मोटार वर ओढायची होती, अन् लेकानं त्याच दिवशी मला बोल्ट आणाय बेंबळीच्या बाजाराला धाडलं. परतलो तर मोटार अंगणात. नात टीव्हीवर पिच्चर बघत होती. किरकोळ गडी मार खात होते, अन् सगळ्यात दांडगा हिरो दुसऱ्याच ग्रहावर. म्या इचारलं, "ह्याला लांब का धाडलंय?" "आजोबा, त्यो असला तर पिच्चर पाच मिंटात संपल की!" म्या हसलो. "व्हय, मलाबी तसंच धाडलं." टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणली, "न्हाय, पप्पा म्हणतेत, तुमच्या हातातनं दोर सुटतोय." दुसऱ्या दिवशी सकाळी लेक मोटार परत सोडाय विहिरीकडं निघाला, तवा पिशवी घेऊन म्याच इचारलं, "बाजारातनं काय आणायचंय का?"