हिलाल मास्तरने पास केलेली जोडी

पारोळ्यात कुणालाही विचारा, गिरधर रेडिओवाला कसा आहे? तापट आहे म्हणतील. खरंय ते. माझ्या हातच्या कामात कुणी खोट काढली की माझं डोकंच सटकतं. एका गुरुजींना तर मी त्यांच्या रेडिओसकट दुकानाबाहेर काढलं होतं. फक्त एकाच माणसाने माझ्या कामाला नावं ठेवली आणि मी ती ऐकून घेतली. तो म्हणजे हिलाल मास्तर, बँडवाला. त्याच्याच बाबतीत माझ्या हातून जे झालं ते आज सांगून टाकतो. सांगून काही भरून येणार नाही, एवढी अक्कल आहे मला.

सत्याऐंशी सालची गोष्ट. टेप घरोघरी आले होते, पण स्टिरिओ म्हणजे जळगावच्या मोठ्या दुकानात काचेआड ठेवलेली वस्तू. मी म्हटलं, गेले उडत, आपणच करू. चार इंची स्पीकर, त्याच्या वर बारीक आवाजासाठी छोटा ट्विटर, पंडित सुतारकडून प्लायवूडचे हातभर उंचीचे डबे. आवाज आत घुमू नये म्हणून डब्यात काहीतरी मऊ भरावं लागतं. मुंबईवाले काय भरतात ते भरोत, आपल्याकडे कापसाला काय तोटा? सरकी काढलेल्या कापसाचं अर्धं पोतं माझ्या टेबलाखाली कायम असायचं. जोडीची किंमत साडेचारशे. लोक यायचे, ऐकायचे, ‘बरं आहे’ म्हणायचे आणि चालू लागायचे. सहा महिन्यांत एक जोडी खपली नाही.

आणि एक दिवस हिलाल आला. काळासावळा, किडकिडीत, चाळिशीचा. लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, बाकीच्या दिवसांत जिनिंगमध्ये कामाला. मला म्हणाला, नुसतं ऐकू द्या. त्याने स्टूल उचललं, दोन्ही डब्यांच्या बरोबर मध्ये ठेवलं, पावलांनी अंतर मोजलं आणि बसला. कॅसेटची एक बाजू पूर्ण ऐकली. मग म्हणाला, “भाऊ, हाऊ डबा नाकमा बोलस.”

मी भडकलो. म्हटलं, “मग जा जळगावला, तिथले तोंडाने बोलतात!” तो उठला नाही. शांतपणे म्हणाला, “कापूस जास्त व्हयना. मूठभर काढी देखा.” त्याला खोटं पाडायचं म्हणूनच मी पेचकस घेतला, मागची फळी खोलली, मूठभर कापूस उपसला. आणि काय सांगू, आवाज असा मोकळा झाला की मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. हा कुठला इंजिनियर? सातवी नापास माणूस!

तेव्हापासून मास्तरने ऐकल्याशिवाय एकही जोडी दुकानाबाहेर गेली नाही. एका जोडीला तो म्हणाला, “याले पोट शे, पन तोंड नही.” दुसरीला म्हणाला, “ही सासरी आल्यासारखी बोलतेय, दबून.” जळगावची कंपनीची जोडी कुणीतरी हौसेने दाखवायला आणली, तर ऐकून म्हणाला, “गोड बोलस, पन मनातलं सांगत नही.” हसून हसून पोट दुखायचं आमचं. पण डबा खोलून पाहावा तर त्याचंच बरोबर निघायचं. गावात बोलबाला झाला. पार अमळनेर, एरंडोलहून माणसं यायची आणि पहिला प्रश्न विचारायची, मास्तरने पास केलेली आहे ना? माझं दुकान चाललं ते त्या माणसाच्या दोन कानांवर, माझ्या हातांवर नाही. एक जोडी मी त्यालाही करून दिली, अँप्लिफायरसकट.

त्याला ती नुसती हौस म्हणून नको होती. स्टिरिओत काही वाद्यं डाव्या डब्यात येतात, काही उजव्या. एका डब्याच्या टेपमध्ये सगळा काला होतो. हिलालने दोनशे पानी वही केली होती. डाव्या डब्यातलं डाव्या पानावर, उजव्यातलं उजव्या पानावर, सा रे ग म मध्ये सगळं लिहून काढायचा आणि बँडमधल्या एकेकाला वाटून द्यायचा. त्यामुळे त्याचा बँड वाजला की लोक वरात सोडून ऐकत उभे राहायचे. बाकीचे बँडवाले नुसती चाल वाजवत, हा अख्खं गाणं वाजवायचा.

एकोणनव्वदच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी चार दिवस तो सायकलवर पोत्यात सगळा सेट बांधून आला. तोंड उतरलेलं. म्हणाला, “भाऊ, डावाकडलं मेंडोलिन कोठे गयं?” त्याची ऐकण्याची एक ठरलेली कॅसेट होती. सुरुवातीलाच डावीकडे मेंडोलिन, उजवीकडे बासरी. मी सेट लावला. मेंडोलिन खणखणीत वाजत होतं. मी म्हटलं, हे काय! तो म्हणाला, “बारीक व्हई गयं.”

मी दोन्ही डब्यांची जागा वायरींसकट बदलली. आता मेंडोलिन त्याच्या उजवीकडे आलं. “मेंडोलिन उनं,” तो म्हणाला, म्हणजे आलं, “पन आते बासरी गई.” मी चक्रावलो. म्हटलं, मास्तर, उठा, स्टूल फिरवा, डब्यांकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून बसा. तो बसला. “बासरी उनी. मेंडोलिन परत गयं.”

मला कळलं. डबे फिरवा, नाहीतर माणूस फिरवा, जे त्याच्या डाव्या हाताला येईल ते जात होतं. डबा ठणठणीत होता. त्याच्याही मनात तेच आलं असावं. डाव्या कानाला हात लावून त्याने हळूच विचारलं, “मना कान तं नही ना बिघडना, भाऊ?”

आता ऐका. त्या वेळी दुकानात अमळनेरचे तिघे जण उभे होते. तीन जोड्या घ्यायला आले होते, मास्तरच्या शब्दावर. समोर लग्नसराई. मी ‘हो’ म्हटलं असतं तर ते तिघे गेलेच असते, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की मास्तरचा कान गेलाय, मग इतके दिवस पास काय केलं? एवढा सगळा हिशेब माझ्या डोक्यात एका क्षणात झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. आणि मी मोठ्याने हसून म्हणालो, “छे हो! कान कसला? डब्यातच खोट आहे. उद्या या.”

जो माणूस स्वतःच्या कामातली खोट ऐकून घेत नाही, त्याने नसलेली खोट कबूल केली. तिथेच हिलालने ओळखायला हवं होतं. पण त्याला इतकं हायसं वाटलं, की जाता जाता त्याने माझ्या पोत्यातला चिमूटभर कापूस मागून घेतला. म्हणाला, कानातून जरा पाणी येतं आजकाल, बोळा घालतो. मी दिला. माझ्या हाताने दिला.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? अँप्लिफायरला आवाज डावी-उजवीकडे झुकवण्याचं बटण असतं, बॅलन्सचं. ते डावीकडे बरंच फिरवलं. मग वरची टोपी काढून अशी बसवली की काटा मधोमध दिसावा. डाव्या डब्यात जास्त कडक ट्विटर टाकला. दुकानातल्या अँप्लिफायरचं बटणही तसंच फिरवून ठेवलं. हिलाल येऊन बसला, ऐकलं आणि खुलला. “हां! आते बराबर शे.” माझे दोन्ही हात हातात धरून म्हणाला, “मी तं घाबरी गयथू, भाऊ.”

मी मनाला सांगितलं, लग्नसराई उरकली की त्याला सांगू. लग्नसराई उरकली. मग म्हटलं, पोळा होऊ दे. पोळा झाला. सांगायला तोंड उघडावं, तर तो एखादी जोडी ऐकून ‘पास’ म्हणायचा आणि मी ती गिऱ्हाइकाला बांधून द्यायचो.

दिवाळीनंतर त्याची बायको, पुष्पाबाई, दुकानात आली. कधी न येणारी बाई. पायरीवरच उभी राहून म्हणाली, “भाऊ, तो डावा डबा भलता वरडस. पोरेस्ना कान दुखतस. तेसले सांगं तं म्हनतस, गिरधरभाऊनी लायेल शे, हात नको लावू.” देवाने दुसऱ्यांदा दार उघडून दिलं होतं. मी काय बोललो? “वहिनी, स्टिरिओ असाच असतो. तुम्हाला नाही कळायचं ते.” ती खाली मान घालून गेली. तिला बरोबर कळलं होतं, आणि हे मला ठाऊक असूनही मी तिला वेड्यात काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात नशिराबादच्या एका लग्नात वना, म्हणजे मास्तरच्या डाव्या हाताला उभा राहून दुसरं क्लॅरिनेट वाजवणारा पोरगा, मंडपापर्यंत चुकीचं वाजवत गेला. सगळ्यांना कळलं. मास्तरला कळलं नाही. वऱ्हाडी हसले. पुष्पाबाईने मग त्याचं काही चालू दिलं नाही, धुळ्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. आणि हिलाल म्हणाला, गिरधरभाऊ सोबत पाहिजेत, त्यांना धुळं माहीत आहे.

एसटीत आम्ही शेजारी बसलो. वेळ घालवायला म्हणून त्याने वही माझ्या मांडीवर ठेवली. मी पानं उलटत गेलो. सुरुवातीला दोन्ही पानं गच्च भरलेली. मग डावी पानं विरळ होत गेली. अर्धं पान, चार ओळी, दोन ओळी. शेवटच्या आठ-दहा गाण्यांना उजवं पान भरलेलं आणि डाव्यावर नुसतं गाण्याचं नाव. मी वही मिटली. तो विचारत होता, कसं वाटतंय? मी म्हटलं, अक्षर छान आहे.

डॉक्टरांनी बराच वेळ कानात बत्ती धरून पाहिलं. म्हणाले, आत सडत गेलंय, ऐकण्याची नाजूक हाडं खाऊन टाकलीत. ऑपरेशन करून घाण काढावी लागेल, नाहीतर जिवावर बेतेल. पण या कानाने ऐकू येणं आता विसरा. “वर्षभर आधी आला असता तर कान वाचवला असता हो! इतके दिवस काय केलंत? शंकासुद्धा नाही आली?”

हिलाल घाईघाईने म्हणाला, “शंका उनी व्हती ना साहेब, मांगली आखाजीले. पन कान नव्हता, डबा व्हता. या भाऊंनी सोता खोलीसन दुरुस्त करा. कान बिघडेल ऱ्हाता, तं डबा दुरुस्त करावर ऐकू कसं उनं?” आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “सांगा ना भाऊ, साहेबांना.”

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. पुष्पाबाई माझ्याकडे बघत होती. आणि मी, हलकट माणूस, मान हलवून म्हणालो, “हो. डब्यातच खोट होती.”

ऑपरेशन झालं. जीव वाचला, कान गेला. बँडचं मास्तरपण वनाकडे गेलं, हिलाल आता कडेला उभा राहून साथ करायचा. महिनाभराने पुष्पाबाई एकटीच तो अँप्लिफायर घेऊन आली. टेबलावर ठेवला आणि बॅलन्सच्या बटणाची टोपी बोटाने उपटून बाजूला ठेवली. आतला दांडा डावीकडे वळलेला स्पष्ट दिसत होता. “पोरगानी काढी,” ती म्हणाली. “खरं सांगा. डबा व्हता, का कान?”

मी सगळं सांगितलं. अमळनेरचे तिघे, कापूस, सगळं. म्हटलं, वहिनी, आत्ताच्या आत्ता घरी येतो, मास्तरचे पाय धरतो. ती ओरडेल, रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “नका येऊ. तेसना एक कान गया. तुमनावरचा इस्वास बी गया तं तो मानूस कोनले ऐकी? तुम्ही सांगानं नही.” मग टोपी जशी होती तशी परत बसवून ती अँप्लिफायर घेऊन निघून गेली.

म्हणून त्याला नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय.

परवा नवी जोडी तयार झाली. पावसाळा संपल्यावर हिलाल दुकानात येऊ लागला होता, त्या दिवशी पुष्पाबाईही बाजाराची पिशवी घेऊन सोबत होती. त्याने स्टूल उचललं, मधोमध ठेवलं, पावलांनी अंतर मोजलं आणि बसला. तीच कॅसेट. बराच वेळ ऐकून म्हणाला, “उजवा पास. डावा बारीक वाजस.”

मला राहवलं नाही. पुष्पाबाई समोर असूनही मी म्हणालो, “मास्तर, डबा चांगला आहे. तो कान आहे तुमचा.” दीड वर्षापूर्वी बोलायचं ते वाक्य शेवटी माझ्या तोंडून निघालं.

तो हसला. जरासुद्धा वाईट वाटून न घेता हसला. “माले माहीत शे भाऊ. डॉक्टर तेच सांगस, ही बी तेच सांगस. पन मांगेबी आपन कानच समजनूत, आनि निंघना डबा.” उजवा कान माझ्याकडे करून, आशेने बघत तो म्हणाला, “एकडाव खोलीसन तं देखा.”

मी पुष्पाबाईकडे पाहिलं. ती पिशवीतल्या भाजीकडे बघत होती. मग मी पेचकस घेतला, डावा डबा पालथा केला आणि एकेक करत चारही स्क्रू काढले. आत कापूस होता, वायरी होत्या, स्पीकर होता. काहीच बिघडलेलं नव्हतं. हिलाल स्टुलावरून विचारत होता, “सापडनं का भाऊ?”