बँकेला ठाऊक असलेला पत्ता

आमच्या इमारतीत तिला सगळे कुलूपताई म्हणायचे. तोंडावरसुद्धा. ती रागवायची नाही. मला एकदा म्हणाली, "मावशी, लोकांनी नाव ठेवलं ते निदान कामावरून तरी ठेवलं."

कोपऱ्यावरच्या बँकेत चौकशीच्या खिडकीवर ती बसायची. खिडकीपुढे जमिनीवर एक पिवळी पट्टी होती. पुढच्याचं काम होईपर्यंत मागच्याने ती ओलांडायची नाही. कुणी ओलांडली की मान वर न करता ती म्हणायची, "काका, पट्टी." मलाही म्हणाली आहे. मी जन्मभर कॉलेजात पोरांना दटावलं, मला कुणी दटावलेलं खपत नाही. पण मुकाट मागे सरकले. तिच्या आवाजात तसं काहीतरी होतं.

इमारतीतल्या निम्म्या घरांची खाती त्या शाखेत. कुणी कुणाला चोरून पैसे पाठवतं, कुणाच्या सुनेने वेगळं खातं उघडलं, सगळं तिच्या डोळ्यांखालून जायचं आणि तिथेच राहायचं. बायका जिन्यात गाठून गळ टाकायच्या. "चौथ्या मजल्यावरचे घर विकतायत म्हणे? तुमच्याकडे आले होते ना?" ही विचारायची, "कोण चौथ्या मजल्यावरचे?" जन्म त्याच इमारतीत गेला बाईचा!

ती पहिल्यापासून अशी नव्हती. नोकरीला लागली त्या सुमारास शेजारच्या खिडकीवर एक गृहस्थ आला. गोड बोलणारा, हातात फुलं. बायको रुसून गेलीय, तिने खात्यावर नवा पत्ता दिलाय, तेवढा सांगा, समजूत काढतो म्हणाला. शेजारच्याने सांगितला. नवराच तर आहे, त्यात काय! काही आठवड्यांनी ती बाई स्वतः बँकेत आली. हात गळ्यात बांधलेला, एक डोळा मिटलेला. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी पत्ता फक्त तुम्हाला दिला होता." त्यानंतर ही कुलूप झाली.

बँकेतही तिचे धडे चालायचे. शनिवारी सकाळी आम्हा म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर बसवून सांगायची, लिंकवर बोट लावायचं नाही, ओटीपी पोटच्या पोरालाही सांगायचा नाही, अनोळखी फोन उचलायचा नाही. "आणि 'महत्त्वाच्या कामासाठी संपर्क करा' असा मेसेज आला तर समजायचं, कुणीतरी जाळं टाकलंय. उत्तर द्यायचं नाही. पुसायचाही नाही. शाखेत आणून मला दाखवायचा." कोणी हसलं की पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

तिचा पहिला विद्यार्थी तिचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बोटं कायम पांढरी, पुडीत बुडवल्यासारखी. पहिल्या पगाराचं खातं काढलं तेव्हा भर शाखेत ओरडला होता, "ताई, पासवर्ड काय ठेवू? तुझंच नाव ठेवतो!" तिने सगळ्यांदेखत असं झापलं त्याला, की गार झाला. "मलासुद्धा सांगायचं नाही. पाठ कर तिकडे आणि टाक." तेव्हापासून एटीएमवर आकडे टाकताना तो दुसऱ्या हाताचा आडोसा करायचा, वाऱ्यात काडी पेटवताना करतात तसा. ताई बघत असली तर जरा जास्तच.

आणि यांची आई? अगदी उलटी. दाराशी शिलाई मशीन, दार सताड उघडं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक. माप घेताना तोंडात टाचण्या धरून बोलायची, तरी बोलणं थांबायचं नाही. माझी मैत्रीण होती ती. मनात कपट नव्हतं, पण पोटात काही राहायचंही नाही. मुलगी म्हणायची, "आई, तुला ओटीपी सांगितला तर दुपारपर्यंत गल्लीला पाठ होईल." आईच सगळ्यात जास्त हसायची.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. धाकट्याला झोप लागेना, जेवण जाईना, काचा घासताघासता हात थांबायचा. मनाच्या डॉक्टरांकडे जायला लागला. घरात तिघांनाच माहीत. आईला काळजी सोसेना. एक गिऱ्हाईक बाई परकराची शिवण उसवून घ्यायला आली, तिच्यापुढे ही बोलून गेली. त्या बाईने पुढे नेलं. धाकट्याचं लग्न ठरत आलं होतं, त्या मुलीच्या घरापर्यंत बातमी पोचली. लग्न मोडलं. मुलीच्या वडिलांनी फोनवर "आम्हाला आधी सांगायला हवं होतं" एवढं ऐकवलं.

तो आईवर ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. सामान भरलं आणि गेला. दुकान सोडलं, नंबर बदलला, फोनवरची फोटोबिटोंची खाती बंद केली. तेही ताईनेच शिकवलेलं, जगाला आपला ठावठिकाणा सांगत फिरू नये म्हणून.

जाण्याआधी तो शाखेत आला होता. "ताई, नवा पत्ता टाकायचाय."

"माझ्याकडे नको. नात्यातल्या खात्याला आम्ही हात लावत नाही. त्या टोकाच्या खिडकीवर जा."

तिकडे काम होईपर्यंत ही आपल्या स्क्रीनकडे बघत बसली. जाताना तो पिवळ्या पट्टीवर थांबला. "घरी काही सांगू नकोस. आणि तूही बघू नकोस."

"नाही बघणार."

"शब्द?"

"शब्द."

त्यानंतर तो इमारतीत दिसला नाही. आईचं मशीन दाराशीच राहिलं, दारही उघडंच, फक्त हाका कमी झाल्या. जिन्यात तरुण पावलं वाजली की सुई थांबायची.

मग आईच्या फुप्फुसांत पाणी झालं. एकदा काढलं, पुन्हा झालं. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, आणि आईने ते तिच्या चेहऱ्यावरून वाचलं. तेवढ्यापुरतं कुलूप कच्चं निघालं. आईने पलंग मशीनशेजारी लावून घेतला. रोज संध्याकाळी मुलगी बँकेतून आली की एकच धोशा.

"बघ ना गं एकदा."

"आई, नाही बघता येत."

"नाही येत, का नाही बघत?"

"नाही बघत."

"त्या यंत्राला ठाऊक माझं पोर कुठे आहे, तुझ्या साहेबाला ठाऊक, तेवढं मला नाही. जन्म कुणी दिला गं त्याला, बँकेने?"

मुलगी टॉवेलची घडी घालत राहिली. मला राहवेना. मी म्हणाले, "अगं, बहीण आहेस की पहारेकरी? नाव टाकलंस की दिसेल."

"नाव टाकलं की कॉम्प्युटर विचारतो, मावशी, कशासाठी बघताय? काय लिहू?"

"लिही, आई मरतेय."

"ते त्याच्या खात्याचं काम नाही." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "नोकरीचं सोडा हो. गेली तर गेली. पण एकीने सांगितलं म्हणून तो गेला. आता दुसरीनेही सांगायचं?"

हळू बोलली, पण घर केवढंसं! आईने ऐकलं. मुलगी आत गेल्यावर मला म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मीच सांगत सुटले." जरा दम घेतला. "तेवढंच बोलायचं होतं गं त्याला. माझं चुकलं, एवढंच. माझ्या तोंडून."

ते "माझ्या तोंडून" मला अजून ऐकू येतं. असो.

दुसऱ्या दिवशी मुलगी साहेबांकडे गेली. साहेब चांगला माणूस, त्याने वरच्या ऑफिसात विचारलं. पत्ता द्यायचा नाही, नंबर द्यायचा नाही, पण बँक स्वतः त्या खातेदाराला निरोप पाठवू शकते. फक्त निरोपात घरचं काही लिहायचं नाही. आजारी कोण, बोलावतंय कोण, हे सगळं खाजगी, आणि फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. तेव्हा मजकूर ठरला तो असा: महत्त्वाच्या कामासाठी आपल्या शाखेशी संपर्क साधा. खाली शाखेचा नंबर.

तिने तो वाचला तेव्हा तिच्या लक्षात आलं नसेल का? मी पुढे विचारलं. म्हणाली, "आलं. साहेबांना म्हटलं, माझं नुसतं नाव घाला. म्हणाले, तेही नाही चालत." बँकेने फोनही करून पाहिला. अनोळखी नंबर, उचलला नाही.

घरी मात्र दिवाळखोराला खजिना सापडावा तसं झालं. आईने केस विंचरून घेतले. धाकट्याचा एक जुना शर्ट, कॉलर विरलेली, मशीनवर काढून ठेवला. "उलटी करून लावते, नव्यासारखी होते." बसवत नव्हतं, तरी टाके उसवले. मुलगी दारात आली की चप्पल काढायच्या आत प्रश्न, "आला का फोन?"

"नाही अजून."

"पोचला तरी असेल ना गं?"

"पोचलाय. पोचल्याची खूण आलीय."

हे तिने सांगायला नको होतं. पण खोटं बोलणं तिला येतच नव्हतं. आई त्या खुणेला धरून बसली. निरोप पोचलाय, म्हणजे वाचलाय. वाचलाय, म्हणजे यायचं नाही. मुलीने परोपरीने सांगितलं, "आई, तो निरोप कुणाचा ते त्याला कळणारच नाही. खोटा वाटला असेल." आईने मान हलवली, लहान पोराच्या थापेला हलवतात तशी. "तू सारवासारव नको करूस. त्याचं खरं आहे."

त्या दुपारी मी तिथेच होते. ती मला म्हणाली, "दार लोटून घे गं." इतक्या वर्षांत त्या घराचं दार दिवसा लागलेलं मी पाहिलं नव्हतं. मी लोटलं. कॉलर अर्धी उसवलेली, सुई तशीच टोचलेली. पहाट व्हायच्या आत ती गेली.

मुलगी तेरावं उरकून कामावर गेली. लोक म्हणाले, कोरडी आहे. लोकांना काय!

त्यानंतर, फार नाही, काही आठवड्यांनीच, मी माझं हरवलेलं कार्ड बंद करायला शाखेत गेले होते. भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले होते आणि दारातून धाकटा आत आला. अंगाने भरला होता. बोटं तशीच पांढरी. मला पाहिलं नाही. सरळ पट्टीपाशी जाऊन थांबला, पुढच्या बाईचं काम होईपर्यंत. मग खिडकीशी गेला आणि हसला. शाळेतून बक्षीस घेऊन आलेलं पोर हसतं ना, तसं.

"ताई."

ती बघतच राहिली.

"रागावू नकोस, काम आहे म्हणून आलोय." त्याने फोन काचेखालून सरकवला. "हे बघ. तुझ्या बँकेच्या नावाने आलं होतं. फोनपण येत होते. एकही उचलला नाही, पुसलंही नाही. आणून दाखवायचं, तू म्हणाली होतीस ना? फसलो नाही बघ मी."

तिने फोनकडे पाहिलं. हात लावला नाही.

"खोटाच ना?" तो म्हणाला. "खरं सांगू? हे दाखवायचं निमित्त बरं मिळालं. म्हटलं तुला भेटावं, मग जमलं तर संध्याकाळी घरी येऊन... आई कशी आहे?"

मी खुर्चीत बसले होते आणि मला वाटत होतं, हो म्हण. खोटा होता म्हण, एवढं एकदा खोटं बोल. पण "खोटा" म्हटलं असतं तर आईने शेवटपर्यंत बोलावलंच नाही, असं त्याला वाटत राहिलं असतं. आणि "खरा" म्हटलं तर काय होणार ते दिसतच होतं. दोन्हींतून एक तिला तिथल्या तिथे निवडायचं होतं, मागे माणसं उभी असताना.

"खरा होता," ती म्हणाली. "आईने बोलावलं होतं. गेली रे ती."

त्याचा चेहरा मी सांगणार नाही. त्याने विचारलं, "मग तू का नाही... पत्ता होता ना इथे?"

"बघितला नाही."

"अगं, आई होती ती!"

"शब्द दिला होता तुला."

त्याने दोन्ही हात काचेवर ठेवले. मग मोठ्याने, सगळ्या शाखेला ऐकू जाईल असं, तो आपला पत्ता सांगायला लागला. गल्ली, इमारत, मजला, दारावरचा नंबर. संपला की पुन्हा पहिल्यापासून. नदीच्या पुलापलीकडे, चष्म्याच्या नव्या दुकानाच्या वर. आमच्या गच्चीतून त्या भागातले दिवे दिसतात. रांगेतली माणसं आपोआप पट्टीच्या मागे गेली.

ती उठली. काचेच्या खालच्या फटीतून हात घालून तिने त्याची पांढरी बोटं धरली. ती रडत होती, तरी बोलली ते सवयीचंच.

"हळू बोल," म्हणाली. "लोक ऐकतायत."