सरकती काच

ओमानमधल्या मत्रहला येऊन सुगंधा पडवळचं अर्धं आयुष्य सरलं, तरी बाजारातली एकच वाट तिच्या पायाखालची होती, नवरा जनार्दन कामाला होता त्या दुकानापर्यंतची. बाकीचा ओमान डब्यांतून तिच्या घरी यायचा आणि डब्यांतूनच जायचा. एकट्या राहणाऱ्या कोकणातल्या पुरुषांचे डबे ती करायची. कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा सोमवार, सगळं तोंडपाठ. मुलगा सागर याच स्वयंपाकघरात फरशीवर बसून अभ्यास करत वाढला.

इथे नोकरी लागेना, म्हणून तो एका एजंटच्या नादी लागून कुठल्याशा थंड देशात हॉटेलात हेल्पर म्हणून गेला. हिवाळ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा अंगावर सैनिकाचा गणवेश आणि मागे बर्फ. "आई, टेन्शन नको घेऊ, थोडे दिवस फक्त," म्हणाला. त्यानंतर फोन नाही. जनार्दनने चौकशीला जिथे जिथे खेटे घातले तिथे एकच उत्तर मिळालं, यादीत नाव नाही. कुठल्या यादीत, हे विचारायची त्याला छाती झाली नाही.

पितृपक्षात गावाहून दिराचा, धनंजयचा फोन आला. जरा इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तो अडखळला.

"वहिनी, रागावू नका. ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांचं सर्वपित्रीला करतात. भटजी विचारत होते, सागरच्या नावाने पान वाढायचं का?"

"तुमच्या पोरांची पानं वाढा आधी! जेवली का ती?" असं म्हणून सुगंधाने फोन आपटला आणि कांदा चिरायला घेतला.

त्याच आठवड्यात जनार्दन एक लाकडी पेटी घरी घेऊन आला. हुसेनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तो साफसफाई आणि डागडुजी करायचा. दुकानात धूळ फार, नाजूक काम तो घरीच आणायचा.

"काय आहे हे?"

"काचेवरची चित्रं. सिनेमा नव्हता तेव्हा इंग्रज लोक कंदिलापुढे धरून भिंतीवर दाखवायचे. राणीच्या काळातली परमुलखातली लढाई आहे. लंडनचा माणूस नेणार आहे. हुसेन अर्बाब दहादा बजावतोय, संभालके जनार्दन, संभालके."

त्याने एकेक काच ट्यूबलाइटपुढे धरली. घोडे, तंबू, तोफा. बर्फात रुतलेली गाडी. सुगंधा पदराला हात पुसत जवळ आली.

शेवटच्या चौकटीत दोन काचा होत्या. रात्रीचं काळं आभाळ आणि पहाऱ्यावर उभा एक कोवळा शिपाई. जनार्दनने वरची काच ओढली. तिच्यावरचा काळा रंग सरकला, उभा शिपाई झाकला गेला आणि शेजारी तोच आडवा पडलेला दिसला, तोंड उघडं.

"मागे ढकला," सुगंधा म्हणाली.

त्याने ढकलली. शिपाई उभा राहिला.

"अशीच ठेवा."

दुसऱ्या दिवशी जनार्दन दुकानात गेला, डबेही गेले. सुगंधाने पेटी उघडून ती चौकट काढली. काच ओढली, ढकलली. पडला, उठला. मग पुन्हा ओढून बघायचा तिला धीर होईना. आडवा पडलेला तो पोरगा आत दडून बसलाय हे मात्र ठाऊक होतं. घरात असलं अभद्र कशाला! तिने सरकती काच पूर्ण बाहेर काढली, ओल्या घासणीचं टोक खालच्या काचेवर टेकवलं आणि आडव्या शिपायाला घासलं. रंग तव्यावरच्या काजळीपेक्षा लवकर सुटला. उभ्याला तिने धक्का लागू दिला नाही. काच कोरडी करून पुन्हा बसवली. आता कितीही ओढा, पडायचा नाही, तिला वाटलं.

संध्याकाळी जनार्दनच्या हाताला चौकट दमट लागली. त्याने ती उजेडापुढे धरून काच ओढली.

शिपाई झाकला गेला. पण शेजारी कुणीच आलं नाही. पुसलेल्या जागेतून ट्यूबलाइटचा नुसता पांढराफटक उजेड. बर्फ असावा तसा.

"अगं, काय केलंस हे? हुसेनला काय सांगू आता?"

सुगंधाने त्याच्या हातून चौकट घेतली. तिने काच ढकलली, ओढली, पुन्हा ओढली. आधी निदान पडलेला तरी होता. कुठे पडलाय ते दिसत होतं. चौकट तशीच हातात घेऊन ती ओट्याला टेकली. जनार्दन हुसेनचं विसरला. तिच्या शेजारी उभा राहून तोही त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिला. गॅसवर डाळ उतू जाऊन ज्योत विझली, तरी दोघं हलली नाहीत.

गॅसचा वास यायला लागला तेव्हा तिने खटका बंद केला.

"भावोजींना फोन लावा."

"आत्ता?"

"वाढा म्हणावं पान." तिचा आवाज डब्यांचा हिशेब सांगताना असायचा तसाच होता. "फक्त गवारीची भाजी नको म्हणावं. तो खात नाही."